शॉकअपवाले काका

“वजन किती? खरं सांगा.”

अनोळखी बाईला पहिल्याच भेटीत, भर रस्त्यात, चार लोकांसमोर असा प्रश्न विचारणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. तुमच्या पाहण्यात असेल तर भाग्यवान आहात.

मी उपकेंद्रातली आरोग्यसेविका. लसींचा डबा मागे बांधून वावर-वांगणी या गावांच्या बाजूला फिरायचं हे माझं काम. त्या चढांवर स्कूटर धाप टाकते, म्हणून नवऱ्याची शंभर सीसीची जुनी मोटारसायकल मी शिकून घेतली. एका उतारावर ब्रेक दाबला आणि गाडीने असं काही नाक खाली घातलं की मी डब्यासकट बांधावर. डब्याला काही झालं नाही, माझं कोपर सोललं. उपकेंद्रातल्या मदतनीस बाई म्हणाल्या, “जव्हारला शॉकअपवाले काका आहेत, त्यांना दाखवा. पण ते बोलले तर रागवू नका.”

बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. साठीच्या आसपासचे, सडपातळ, खिशाला नेहमी पोलादी पट्टी अडकवलेली. ते फक्त पुढच्या चाकाचे शॉकअप बघायचे. कोणी इंजिनाचं काम घेऊन आलं तर मान वर न करता सांगायचे, “ते पुढच्या गल्लीत.”

तर, वजन. मी म्हटलं, “पंचावन्न.”

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि समोरच्या धान्याच्या दुकानाकडे बोट केलं. तिथल्या तांदळाच्या काट्यावर मला उभं राहावं लागलं. काटा चौसष्टवर थांबला. दुकानदार हसला. काका हसले नाहीत.

“नऊ किलोंनी स्प्रिंग चुकली असती,” ते म्हणाले. “उद्या रोज नेता ते सगळं घेऊन या. पाण्याची बाटली भरलेली आणा.”

दुसऱ्या दिवशी लसींचा डबा, रजिस्टरं, रेनकोट, जेवणाचा डबा, सगळं काट्यावर चढलं. मग त्यांनी शॉकअपच्या चकचकीत पाइपाला एक दोरा गुंडाळला, मला गाडीवर बसवलं, उतरवलं आणि दोरा किती वर सरकला ते पट्टीने मोजलं. तीनदा. मला वाटलं, माणूस बसल्यावर गाडी दबूच नये यासाठी हा खटाटोप असेल. तसं म्हटलंही.

“दबलीच पाहिजे,” ते म्हणाले. “आधी थोडी दबलेली असेल तरच खड्डा आला की चाक खाली उतरेल ना? नाहीतर अख्खी गाडी खड्ड्यात पडते, वर तुम्ही.”

आतलं जुनं तेल निघालं ते गढूळ, काळं. पाइप वाकलेत का हे बघायला त्यांनी ते काचेच्या तुकड्यावर लाटण्यासारखे फिरवले. स्प्रिंगा थकल्या होत्या, त्या जागी जरा मोठ्या गाडीच्या मापून बसवल्या. वर प्लास्टिकच्या पाइपाचे बोटभर तुकडे ठेवले, म्हणजे स्प्रिंग थोडी आधीच दाबलेली राहते. दोन्ही बाजूंना तेल एकाच खुणेपर्यंत, केसाचाही फरक नाही. हे सगळं ते बोलत बोलत करायचे असं वाटत असेल तर तसं नव्हतं. काम करताना ते गप्प असायचे. बोलायचे ते गिऱ्हाईक चुकीचं काही मागायला लागलं की.

मी थांबले होते तेवढ्यात एक जण आला. खोडाळ्याहून आला होता, गाडीला झगमग लावलेली. “काका, पुढचं एकदम कडक करून द्या.”

“कडक कशाला? पापड आहे?”

तो गृहस्थ चिडला. काकांनी त्याला त्याच्याच गाडीवर बसवलं आणि वीस मिनिटं समजावलं, की कडक गाडी मजबूत दिसते, पण दगडावर ती उडते, आणि उडालेल्या चाकाला ब्रेक लागत नाही. शेवटी तो म्हणाला, “मग तुम्हाला योग्य वाटेल तसं करा.” काका म्हणाले, “आता वजन सांगा.”

माझी गाडी मात्र पहिल्या खेपेला चुकली. उतारावर आता नाक खाली जात नव्हतं, पण तीन दिवसांत माझे तळवे बधिर झाले. सुई भरताना बोटं मला माझी वाटेनात. सांगायला जायची भीती वाटत होती. इतकं मोजून-मापून केलेलं काम, माणूस दुखावणार.

त्यांनी माझे तळवे बघितले. गाडी एकदा दाबून बघितली.

“माझं चुकलं,” ते सरळ म्हणाले. “तुमचं वजन बघितलं, रस्ता बघितलाच नाही. पुढचं लसीकरण कधी?”

“बुधवारी. वांगणीला.”

“मी येतो. चालवणार मी, तुम्ही मागे बसा. हात माझे असले म्हणजे मला कळेल.”

बुधवारी दुकान बंद ठेवून ते खरंच आले. खांद्याला पान्यांची पिशवी. शेवटच्या चार किलोमीटरला रस्ता म्हणायचा तर रस्त्याचा अपमान. पावसाने रस्त्याखालची एक मोरी वाहून नेली होती, जीप तिच्या अलीकडेच थांबायची. काका एकेका दगडावरून मुद्दाम जात होते आणि पुटपुटत होते, “हं. हे असं आहे होय.”

लसीकरण अर्ध्यावर आलं तेव्हा एक म्हातारी मला बोलवायला आली. तिची सून वीस दिवसांपूर्वी सिझरने बाळंत झालेली. जाऊन पाहिलं तर अंगात फणफणून ताप, टाक्यांच्या जागी पू. तिला त्याच दिवशी जव्हारला न्यायला हवं होतं. टेकाडावर जाऊन, रेंज धरून मी रुग्णवाहिका बोलावली. पण ती येणार मोरीपर्यंतच. पुढचे चार किलोमीटर आमचे.

अशा वेळी डोली करतात. पण भात कापणी उरकून गावातले धडधाकट पुरुष ठाणे-भिवंडीकडे कामाला गेले होते, तिचा नवराही. डोलीला खांदे लागतात. तिथे होते दोन म्हातारे, त्यातल्या एकाला दमा.

“गाडीवर नेऊ,” काका म्हणाले.

“या रस्त्याने? दर दगडाला तिचे टाके ओढले जातील.”

काका गाडीकडे वळले. “तिचं वजन?”

तिच्या बाळंतपणाच्या कार्डावर बेचाळीस होतं. ते ऐकून ते जमिनीवर बसले. इंजिनाखाली दगड लावून पुढचं चाक उचललं, शॉकअपची वरची झाकणं खोलली, आतले प्लास्टिकचे तुकडे काढून पिशवीतले आखूड घातले. मग माझ्याकडे वळले. “सिस्टर, सिरिंज आहे? मोठी. आणि सलाइनची नळी.”

मी दहा मिलीची काढून दिली. त्यांनी नळी आत सोडून दोन्ही बाजूंचं थोडं थोडं तेल ओढून घेतलं, सारखं मोजून. सिरिंजचा हा उपयोग आमच्या कुठल्याही प्रशिक्षणात शिकवलेला नाही. मागचे शॉकअप सगळ्यात मऊ खाचेवर आणले, दोन्ही चाकांतली थोडी हवा सोडली.

“आता ही गाडी पळवायची नाही,” ते म्हणाले. “पळवली की नाक घालेल. पायी चालल्यासारखी नेली तर झोळीसारखी जाईल.”

सीटवर गोधडी घातली. तिला मागे बसवून पोटाला उशी दिली. मी शेजारून तिच्या पाठीला हात लावून चालत होते, आमच्या मागे म्हातारी, तिच्या छातीशी बाळ. काका पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही पाय जमिनीला टेकत टेकत. चढाला ते श्वास रोखायचे, दगड ओलांडला की विचारायचे, “दुखलं?” ती कधी “ऊं” म्हणायची, कधी नुसती मान हलवायची. चार किलोमीटरला आम्हाला दीड तास लागला. त्या दीड तासात मी त्यांना एकदाही घाई करताना पाहिलं नाही, आणि घाई तर आम्हा सगळ्यांनाच होती.

मोरीजवळ रुग्णवाहिका उभी होती. तिला आत झोपवलं, म्हातारी आणि बाळाला घेऊन मीही चढले. काका दाराशी आले.

“बाई, फार दुखलं का?”

“नाय. जास्त नाय दुखला.”

“जास्त नाही म्हणजे थोडं दुखलं. कुठे?”

“अहो काका!” मी म्हटलं.

“सांगू दे तिला. कुठल्या दगडाला?”

ती तापातसुद्धा थोडी हसली. “वढ्याखाली दोन धोंडे होते ना एकावं एक. तिथं.”

“तिथे माझा क्लच लवकर सुटला,” ते म्हणाले. “गाडीची चूक नाही.”

रुग्णवाहिका वळली तेव्हा मागच्या काचेतून मला दिसलं, ते मैलाच्या दगडावर बसले होते आणि एका हाताने दुसऱ्या हाताची आखडलेली बोटं सरळ करत होते. एवढा वेळ त्यांनी ते मला कळूही दिलं नव्हतं.

तिची जखम उघडून साफ केली. दहा-बारा दिवसांनी ती बाळाला घेऊन घरी गेली. माझी गाडी काकांनी त्यानंतर पुन्हा खोलली आणि त्या रस्त्यासाठी लावून दिली, कडक नाही आणि मऊही नाही. माझे तळवे पुन्हा कधी बधिर झाले नाहीत.

पुढे साखरेच्या आजाराने त्यांची नजर नेली. एक डोळा पूर्ण गेला, दुसऱ्याने धूसर दिसायचं. पट्टीवरच्या रेघा दिसेनाशा झाल्या त्या दिवशी त्यांनी स्वतःच दुकान बंद केलं आणि कल्याणला मुलीकडे राहायला गेले. त्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

गेल्या हिवाळ्यात मी त्यांना भेटायला गेले. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत ते खुर्ची टाकून बसले होते. खालच्या रस्त्यावर गतिरोधक होता. बोलता बोलता ते मध्येच थांबायचे, कान द्यायचे. “हा ठीक.” “याचं तेल संपलंय.” मग खालून एक खट् असा आवाज आला आणि ते उठूनच उभे राहिले. “याच्या डाव्या शॉकअपचं सील गेलंय, तेल गळतंय. पार्सलवाला आहे, दिवसातून चारदा जातो. ब्रेकवर तेल आलं तर पडेल तो.”

“बाबा, बसा,” मुलगी आतून म्हणाली. “रोजचं आहे यांचं, सिस्टर.”

माझी बसची वेळ झाली होती. काका मला रिक्षापर्यंत सोडायच्या निमित्ताने खाली आले. तेवढ्यात तो पार्सलवाला परत आला. काकांनी हात आडवा केला.

“काय झालं बाबा? टाइम नाही.”

काका गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू खाली बसले, डाव्या पाइपावरून बोट फिरवलं आणि ते तेलकट बोट त्याच्यापुढे धरलं.

माझी रिक्षा निघाली. वळणावर मी मान बाहेर काढून पाहिलं. तो पार्सलवाला हेल्मेट न काढताच त्यांच्या शेजारी उकिडवा बसला होता, आणि दोघं मिळून पुढच्या चाकाकडे बघत होते.