न गाळता वाचायची कादंबरी

सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांचे पडदे खराब झाले आहेत. सोलापूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की ऑपरेशनचा उपयोग नाही. उजेड-अंधार कळत राहील, अक्षर दिसणार नाही. भूमजवळच्या खेड्यात शेती करताना, चौथीपर्यंतच्या शिक्षणावर त्या जन्मभर वाचत आल्या होत्या. पोथ्या, जुने दिवाळी अंक, भज्यांच्या पुडीचा कागदसुद्धा. धाराशिवला आमच्या फ्लॅटमध्ये आल्यापासून त्यांचं वाचन माझ्या आवाजावर चालतं. मी पूर्वी वर्तमानपत्रात उपसंपादक होते, आता घरून काम करते. दुपारी जेवणं झाली की आधी पेपर वाचते, मग पोथी किंवा पुस्तक. त्या ‘हं’ म्हणत ऐकतात. ‘हं’ थांबला की झोप लागली किंवा राग आला, असं समजायचं.

मी त्यांना आत्या म्हणते.

ही कादंबरी त्यांनीच मागितली. बायकांची भिशी आमच्याकडे होती आणि पोह्यांपासून चहापर्यंत सगळ्या त्याच पुस्तकावर बोलत होत्या. जाडजूड, अनुवादित, घरोघर फिरून कोपरे मऊ झालेलं. एकजण त्याला घाण म्हणाली आणि तिनंच पुढचा भाग कुणाकडे आहे ते विचारलं.

“समद्यांनी वाचलंय, मीच तेवढी ऱ्हायले,” बायका गेल्यावर आत्या म्हणाल्या. “आन की.”

“तुम्हाला नाही आवडणार.”

“ऐकल्यावर सांगीन.”

जहाजांच्या कंपनीचा तरुण मालक आणि त्याच्या ऑफिसात फुलं पोचवणारी मुलगी, अशी गोष्ट. सुरुवातीला नुसतं बघणं होतं. मग खोलीचं दार बंद झालं. बातमी जागेत बसवताना कुठं कापलं म्हणजे सांधा दिसत नाही, हे उपसंपादकाच्या हाताला माहीत असतं. दार बंद होताच मी थेट दुसऱ्या दिवशीच्या नाश्त्यावर आले.

“पानं चार उलटलीस अन् वाचल्यास दोन वळी,” आत्या म्हणाल्या.

“नुसतं वर्णन आहे, आत्या.”

“सुरू केलेलं मधनं गाळायचं न्हाय.”

हा पोथीचा नियम. त्यांच्या घरी श्रावणात पोथी लावली की एकही अध्याय सोडायचा नाही. चुकलं तर मागून पुन्हा वाचायचं, पण सोडायचं नाही. तो नियम या पुस्तकाला लागलेला ऐकून मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत.

“पेपरबी आसाच वाचतीस का? अन् पोथी?”

मी नाही म्हणाले. ते खरं होतं. पण खरं आहे का, हे पडताळायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं. त्यांनी हात पुढं करून पुस्तकाच्या पानावरून बोटं फिरवली आणि परत घेतली. आता प्रश्न कादंबरीचा राहिला नव्हता. छापलेलं आणि माझ्या तोंडून येणारं एकच आहे का, एवढाच होता. मी मागं गेले आणि बंद दारापासून सगळं वाचलं.

लाज दोन-तीन पानं टिकली. नंतर कंटाळा आला. प्रत्येक परिच्छेदात कुणाचा तरी श्वास अडकत होता. असा मजकूर माझ्या टेबलावर आला असता तर मी निम्मा करून परत पाठवला असता. तरीही भांडी तशीच ठेवून मी स्वयंपाकघरात उभ्यानं पुढची प्रकरणं वाचून काढत होते, हेही नोंदवायला हवं. पुढं नायक तिचा फोन काढून घेतो, तिला बहिणीकडे जाऊ देत नाही. अशा मजकुराच्या बातम्या उमरग्याहून, तेरहून यायच्या. शीर्षक ठरलेलं असायचं : विवाहितेचा छळ. इथं त्याला प्रेम म्हटलं होतं आणि मी ते प्रेमाच्याच आवाजात वाचत होते.

“फोन काढून घेतो, मुडदा,” आत्या म्हणाल्या. “वाच.”

एका रविवारी आम्ही अशा जागी आलो, जिथं तो जवळ येतो, थांबतो आणि चालेल का, असं विचारतो. ती नाही म्हणते. तो खुर्चीत जाऊन बसतो.

‘हं’ आला नाही. मला वाटलं, झोप लागली.

“परत वाच.”

मी परत वाचलं.

“ती न्हाय म्हनली अन् ह्यो खुर्चीत जाऊन बसला?”

“हो.”

“मारलं न्हाय?”

“नाही.”

“मग बोलनं टाकलं आसंल.”

“नाही. सकाळी उठून तिच्यासाठी चहा करतो.”

आत्या मोठ्यानं हसल्या. “लई खोटं लिवलंय गं बाई. फोन काढून घेतो ते खरं. हे खोटं.”

मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “इचारायचं आसतंय, हेच ठावं न्हवतं,” त्या म्हणाल्या. सांत्वन करावं असं त्या रडत नव्हत्या, आणि हसण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. शेजारच्या खोलीत त्यांचा मुलगा, माझा नवरा, कॉलेजच्या उत्तरपत्रिका तपासत होता. दार उघडं होतं. आत्यांनी आवाज खाली आणला.

“तुला इचारतो का गं?”

“कोण?”

“माझा ल्योक. दुसरं कोन?”

मी पान उलटलं.

“ते पान सरलं न्हवतं,” आत्या म्हणाल्या.

मी मागं गेले नाही. त्यांनी हात पुढं केला, या वेळी पुस्तकाकडे नाही. माझा गुडघा सापडल्यावर तो तिथंच ठेवला.

“ऱ्हाऊ दे,” त्या म्हणाल्या. “एवढं गाळलंस तर गाळ. फुडं वाच.”

मी पुढचं वाचू लागले. ‘हं’ आला नाही, पण त्या जाग्या होत्या.