नत्थुजीची मयत

वर्धेच्या काठावर, कौंडण्यपूरला शेती करणाऱ्या नत्थुजीनं अमरावतीच्या हेमचंद्र सरांना तीन वर्षं नदी, माती, गवत समजावून सांगितलं. वर चहाही त्यानंच पाजला. सरांनी त्याची कादंबरी केली, ती परदेशी भाषांत गेली. तीत नत्थुजीचं नावसुद्धा बदललं नाही. फक्त शेवटी नदी आटवली आणि तिच्यासोबत त्यालाही मारून टाकलं. बाहेरच्यांना मेलेला शेतकरी जास्त आवडतो.

परवा तिकडची एक वाचक बाई नदी पाहायला आली. नत्थुजी धुतलेलं धोतर नेसून काठावर हजर. सर कानाशी येऊन म्हणाले, "तुम्ही पुस्तकात वारलात. नाव विचारलं तर गप्प राहा."

बाई रडली. तिनं झेंडूची फुलं नत्थुजीच्याच ओंजळीत घातली. सर म्हणाले, "नत्थुजीच्या नावानं पाण्यात सोडायची आहेत."

गुडघाभर पाण्यात उतरून त्यानं ती सोडली.

घरी येऊन तो उंबऱ्याबाहेरच थांबला. "रुख्मिणी, आंगावर पानी टाक. मयतीवून आलो."

"कोन गेलं जी?" बायकोनं विचारलं.

"सरांले ईचार."