दोन खकनारवाल्या

माझी लेक तेव्हा पुण्यात बायकांच्या गाण्यांचं संकेतस्थळ उभं करत होती. प्रत्येक गाण्याला, गाणारीला, गावाला आपापलं पान, आणि सगळी पानं एकमेकांना जोडलेली. "दुसऱ्यांच्या संगणकालाही कळलं पाहिजे, आई, की ही बाई म्हणजे तीच बाई." मी जोरात हो म्हटलं. कळलं काहीच नव्हतं. पण मी नुकतीच निवृत्त झालेली संगीत शिक्षिका, डोक्यात हवा. नाही कसं म्हणणार?

शाळेत असताना आमच्या इतवारा मोहल्ल्यातल्या हळदीची गाणी मी कॅसेटवर भरून ठेवली होती. ती आता संकेतस्थळावर चढवायची होती. आमच्याकडे सुनेला तिच्या माहेराच्या गावानं ओळखतात, म्हणून बारा गाण्यांवर मी लिहिलं होतं, 'खकनारवाली'. संगणक दरवेळी विचारायचा, ही तीच का? यात विचारायचं काय, म्हणत मी हो दाबत गेले. वर लेकीला फोन करून शाबासकी मागून घेतली.

मग गल्लीतल्या खकनारवाली मावशी स्वतःचं गाणं ऐकायला आल्या. शेवटचं लागलं तशा थांबल्या.

"हे कोण गाऊन राहिलं?"

"तुम्हीच की, मावशी. बारा गाणी आहेत तुमची."

"अकरा. हे माझ्या बहिणीचं आहे."

त्यांची धाकटी बहीण त्याच गल्लीत दिली होती. तीही खकनारवालीच. लवकर गेली.

"तिचा फोटो नाही, लेकरू नाही. हे एक गाणं होतं, ते तू मला देऊन टाकलं. मग ती कुठे राहिली, मास्तरीणबाई?"

मी घाबरून लेकीला फोन लावला. ती म्हणाली, "तू दोन माणसं एक केलीस, आई. जिथे जिथे माहिती गेली तिथेही ती एकच झाली. करते वेगळं. पण नाव लागेल."

सासरी तांदळात लिहिलेलं नाव मला आठवत होतं. मावशी म्हणाल्या, "ते तिला पसंतच नव्हतं. हाक मारली तरी वळायची नाही. सासू समजायची, बहिरी आहे." मग त्यांनी माहेरचं नाव सांगितलं. ते त्यांच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं.

"आता माहेरचं, सासरचं आणि खकनारवाली, तिन्ही जोड," लेक म्हणाली. "ती एकच बाई."

माझं डोकं गरगरलं. एकाच नावाच्या दोघी वेगळ्या, आणि तीन नावांची मात्र एक. तीस वर्षं मुलींना स्वर ओळखायला शिकवलं म्हणे मी.

लेकीनं आणखी एक विचारलं. "त्या गाण्यात दोन आवाज आहेत. मुख्य कोणाचा?"

मावशींनी तीनदा ऐकलं. "हा तिचा," म्हणाल्या. मग, "नाही, हा माझाच वाटतो."

"तिचाच टाक."

"नक्की ना, मावशी?"

"माझी अकरा आहेत ना. टाक तू."

खरा आवाज कोणाचा, मला आजही सांगता येत नाही. मी टाकलं. नवं पान उघडलं. चौथी शिकलेल्या मावशींनी पडद्याला बोट लावून बहिणीचं नाव एकेक अक्षर वाचलं.

"वेलांटी दुसरी पाहिजे," त्या म्हणाल्या.


मी दुरुस्त केली.