सोळा इंचांचं मॅनहोल

“मंजण्णा, ओढू नकोस. हात निखळून तुझ्याकडे येईल आणि मी इथेच राहीन.”

मी कमरेपर्यंत टाकीच्या बाहेर होते आणि कमरेपासून खाली टाकीच्या आत. मधला भाग मॅनहोलमध्ये घट्ट बसला होता. बघणाऱ्याला कुंडीत तुळस लावावी तशी मी दिसत असणार. सकाळचे साडेदहा वाजले होते, बेंगळुरूचं छान कोवळं ऊन पडलं होतं, आणि टाकीवर उभे असलेले चार टेक्निशियन मोठ्या सभ्यपणाने चार दिशांना बघत होते.

मी वंदना. एका सरकारी संशोधन संस्थेत एकतीस वर्षं इन्स्पेक्शन इंजिनियर होते. आमच्याकडे प्रचंड दाबाखाली हवा साठवणाऱ्या पोलादी टाक्या होत्या. त्यांना प्रेशर व्हेसल म्हणतात. एकेक टाकी दुमजली घराएवढी. तिच्या वेल्डिंगला बारीकशी चीर गेली आणि ती कुणाला दिसली नाही, तर टाकी फुटते. मग आसपास असलेल्यांबद्दल बोलण्यासारखं फार काही उरत नाही. म्हणून वर्षातून एकदा शटडाऊन घ्यायचा, टाकी रिकामी करायची आणि कुणीतरी आत उतरून एकेक जोड डोळ्यांनी तपासायचा. ते कुणीतरी म्हणजे मी. उतरायची वाट म्हणजे टाकीच्या डोक्यावरचं गोल भोक, मॅनहोल. व्यास सोळा इंच. ज्याने हे डिझाइन केलं तो बहुतेक उपाशी असावा.

सव्वीस वर्षं मी त्या भोकातून ये-जा केली होती. भोक तेवढंच राहिलं. मी राहिले नाही.

उतरताना काही झालं नव्हतं. वजन खाली ओढतं, माणूस सरकतो. वर येताना मात्र ओव्हरऑलचं कापड गोळा झालं, कमरेचा सेफ्टी बेल्ट सरकला, आणि मी अडकले. तेवढ्यात आमचे बॉस सुब्बाराव सर शिडी चढून वर आले.

“मॅडम, इन्स्पेक्शनचं स्टेटस काय?”

“अर्धं झालंय, सर.”

त्यांनी मला वरपासून मॅनहोलपर्यंत पाहिलं. “फायर ब्रिगेडला बोलवायचं का?”

“बोलवलंत तर मी आजच राजीनामा देईन.”

“राजीनामा द्यायला तरी बाहेर यावं लागेल,” सर म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण विनोद अचूक वेळी करायची त्यांना वाईट खोड होती.

शेवटी वाट काढली मंजण्णाने. तो माझा सर्वांत जुना टेक्निशियन. एरवी मला मॅडम म्हणायचा आणि अडचणीत अक्का. पाइपातून हवा गळते का हे बघायला आम्ही साबणाचं पाणी लावतो, त्याचा भरलेला कॅन त्याच्याकडे होता. “अक्का, स्वल्प थंड लागेल,” म्हणून त्याने तो माझ्या कमरेभोवती ओतला. मग मी श्वास सोडला, डावीकडे वळले, उजवीकडे वळले आणि बाटलीचं बूच निघावं तशी बाहेर आले. एकूण पंचवीस मिनिटं लागली. फेस मात्र बराच वेळ निघत होता.

नियमाप्रमाणे मला ‘निअर मिस’ रिपोर्ट लिहावा लागला. म्हणजे अपघात झाला नाही, पण होऊ शकला असता, त्याची नोंद. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: ‘इन्स्पेक्टरची रुंदी.’ सुब्बाराव सरांनी ते खोडून ‘डायमेन्शनल मिसमॅच’ केलं. रिपोर्ट गेला की मेडिकल आलीच.

आमच्या मेडिकल सेंटरच्या डॉक्टर शैलजा म्हणजे बारीक, शांत बाई. आवाज कधी चढायचा नाही, त्यामुळे जास्त भीती वाटायची.

“टाकीत अडकलात त्या तुम्हीच का?”

“बातमी इथपर्यंत आली?”

“फोटो आला. या, वजनकाट्यावर उभ्या राहा.”

एकोणनव्वद किलो. उंची पाच फूट दोन इंच. ब्लडप्रेशर एकशे सत्तरवर शंभर. रक्तातली साखर डायबेटिसची पायरी ओलांडून घरात शिरलेली. मी म्हटलं, टेन्शनमुळे असेल. त्या म्हणाल्या, “टेन्शन एवढं गोड नसतं. टाकीत बेशुद्ध पडलात तर त्या भोकातून तुम्हाला कुणी बाहेर काढू शकेल का?”

हा प्रश्न मी स्वतः दरवर्षी नव्या लोकांना ट्रेनिंगमध्ये विचारायचे. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि कागदावर शिक्का मारला. कन्फाइन्ड स्पेस, म्हणजे अशा बंदिस्त जागेत उतरायला, अनफिट.

उरलेलं अर्धं इन्स्पेक्शन बाहेरच्या एजन्सीने एका दिवसात उरकलं. मला त्यालाच दोन दिवस लागले असते. सुब्बाराव सरांनी मला बोलावून सांगितलं, “मॅडम, निवृत्तीला चार वर्षं राहिलीत. डॉक्युमेंटेशनला जा. एसी आहे, खिडकीसुद्धा आहे.”

“आणि टाक्या?”

“एजन्सी बघेल.”

“पुढचा शटडाऊन दहा महिन्यांवर आहे, सर. तोवर माझी जागा भरू नका.”

“सरी,” सर म्हणाले. कन्नडमध्ये सरी म्हणजे ठीक आहे. सरांच्या तोंडी त्याचा अर्थ, बघू या किती दिवस टिकतं ते.

घरी येऊन मी रडले. नोकरीसाठी नाही. माझ्या आईच्या पायाचा अंगठा डायबेटिसपायी काढावा लागला होता. तेव्हा ती अठ्ठावन्न वर्षांची होती आणि मी तिला पथ्यावरून रोज लेक्चर द्यायचे. आता मी चौपन्नची होते. नवरा, सुहास, शेजारी बसून माझी पाठ थोपटत होता आणि दुसऱ्या हाताने चकली खात होता. या माणसाचं वजन कॉलेजपासून अठ्ठावन्न किलो आहे. तो काहीही खातो आणि ते कुठे जातं ते शास्त्राला ठाऊक नाही.

पहिला प्रयत्न अर्थातच मूर्खपणाचा होता. व्हाइटफील्डला राहणाऱ्या माझ्या नणंदेने एक पावडर दिली. दोन वेळचं जेवण बंद, त्याऐवजी पावडरचं दूध. व्हॅनिला फ्लेवर, चव भिंतीच्या पुट्टीसारखी. चौथ्या दिवशी एका मीटिंगमध्ये सुब्बाराव सर प्रेझेंटेशन देत असताना मी त्यांच्या प्लेटमधला उद्दिन वडा, म्हणजे आपला मेदूवडा, खाल्ला. नंतर दुसराही. सर स्लाइड वाचता वाचता थांबले. खोलीतल्या बाकीच्यांनी आपापल्या प्लेटवर हात ठेवले.

मी पुन्हा डॉक्टर शैलजांकडे गेले. त्यांनी पावडरबद्दल ऐकलं आणि विचारलं, “टाकीत दोष सापडला तर आधी काय करता?”

“नोंद. कुठे, किती, कधीपासून.”

“मग आधी तेच करा. दोन आठवडे काही बदलू नका. तोंडात गेलेली प्रत्येक वस्तू लिहा. खोटं लिहायचं नाही.”

मी लिहिलं. लिहिल्यावर कळलं की मी जेवणामुळे जाड झालेच नव्हते. जेवण बिचारं साधं होतं. दिवसाला सहा फिल्टर कॉफी, प्रत्येकीत दोन चमचे साखर. सकाळी घरी पोहे आणि ऑफिसला पोचल्यावर कँटीनमध्ये खाराबाथ-केसरीबाथ, म्हणजे तिखट उपमा आणि गोड शिरा, कारण मंडळी जातात. आमच्या विभागात अडतीस माणसं. म्हणजे वर्षाला अडतीस वाढदिवस, शिवाय प्रमोशनं, बारशी, गृहप्रवेश. बेळगावहून भाऊ दर महिन्याला खव्याचा कुंदा पाठवायचा, तो मी ‘खराब होईल’ म्हणून संपवायचे. आणि रात्रीचं जेवण साडेदहाला, टीव्हीसमोर. चालणं म्हणाल तर राजाजीनगरच्या घरापासून ऑफिसच्या बसपर्यंत, तेही उशीर झाला तर ऑटोने.

डॉक्टरांनी वही वाचली. “सगळं एकदम सोडू नका. एकेक दुरुस्त करा.”

मग एकेक केलं. आधी कॉफी दोनवर आणली, बिनसाखरेची. पहिला आठवडा मी ऑफिसात कुणाशी नीट बोलले नाही. कँटीनचा नाश्ता बंद केला. दुपारचा डबा घरून न्यायला लागले: ज्वारीची भाकरी, उसळ, कोशिंबीर, ताक. सुहासने आपणहून रात्रीच्या स्वयंपाकाचं काम अंगावर घेतलं आणि ताट साडेसातला पुढे यायला लागलं. त्याची आमटी पहिले दोन महिने पातळ होती. वजन कमी होण्यात तिचाही वाटा असणार. सकाळी पाऊण तास चालायला लागले. दुपारी जेवण झालं की मंजण्णाबरोबर टाकीची बाहेरची शिडी चढायची आणि उतरायची. पहिल्या दिवशी एका फेरीत मला घाम फुटला आणि मंजण्णा म्हणाला, “अक्का, उद्यापासून पाण्याची बाटली वर ठेवतो.” महिन्याभरात चार फेऱ्या व्हायला लागल्या.

पाच महिन्यांत एकोणनव्वदचे एक्याऐंशी झाले. आणि तिथे काटा बसला तो हलेचना. सहा आठवडे एक्याऐंशी. मी काट्याला शिव्या दिल्या, कन्नडमध्ये, मराठीत त्या पुरेशा लागत नाहीत. एका संध्याकाळी दोन वाट्या कुंदा खाल्ला आणि वहीत लिहिलासुद्धा.

वर्कशॉपमध्ये आम्ही गो-नोगो गेज वापरतो. साधं साचेबंद भोक असतं. वस्तू त्यातून गेली तर पास, नाही गेली तर नापास. आकडे वाचायची भानगड नाही. मला वाटलं, मला तरी किलो कुठे हवेत? मला भोकातून जायचंय. राजाजीनगरच्या सुताराकडून मी प्लायवूडमध्ये सोळा इंचांचं गोल भोक कापून घेतलं. “कशासाठी, मॅडम?” त्याने विचारलं. “माझ्यासाठी,” म्हटलं. त्याने पुढे काही विचारलं नाही.

दिवाणखान्यात सुहासने फळी धरली आणि मी डोक्यावरून घालून खाली ओढायला लागले. छाती गेली. पोट गेलं. कमरेखाली अडकली. नेमक्या त्याच वेळी शेजारच्या शारदाक्का हळदीकुंकवाचं आमंत्रण घेऊन उघड्या दारातून आत आल्या. मी मध्ये, भोवती फळी, समोर गुडघ्यांवर बसलेला सुहास.

“पूजा चाललीय का?” त्यांनी हळूच विचारलं.

“इन्स्पेक्शन,” सुहास म्हणाला.

“नंतर येते,” म्हणून त्या गेल्या. त्यानंतर कितीतरी दिवस त्या सुहासकडे बघताना नजर खाली घालायच्या.

पण त्या दिवशी एक गोष्ट कळली. फळी दोन बोटांच्या फरकाने अडकली होती. टाकीत मी चांगली चार-पाच बोटं अडकले होते. काटा हलत नव्हता, माप हलत होतं. डॉक्टर म्हणाल्या की शिड्यांमुळे अंगात ताकद येतेय, म्हणून काटा थांबला असेल, तुम्ही थांबू नका. मी थांबले नाही. दोन महिन्यांनी फळी ओव्हरऑल आणि बेल्टसकट पायापर्यंत खाली पडली. सुहासने टाळ्या वाजवल्या. खालच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, काय पडलं?

शटडाऊनच्या आधीच्या आठवड्यात वजन चौऱ्याहत्तर भरलं. मी काही सडपातळ झाले नव्हते. पण ब्लडप्रेशर काबूत होतं, साखर उतरली होती. डॉक्टर शैलजांनी ‘फिट’चा शिक्का मारला. सुब्बाराव सरांनी कागद उलटा करून मागची बाजूही तपासली.

मी उतरले. हवेतला ऑक्सिजन मोजला, टॉर्च लावला, आणि वरून खाली एकेक जोड बघत तळाशी गेले. तळाला पाणी काढून टाकायचा एक पाइप असतो. त्याचा जोड नीट बघायचा तर पोटावर पालथं झोपून, टॉर्च जमिनीला टेकवून बघावं लागतं. मी झोपले. प्रकाश आडवा पडला आणि केसासारखी एक रेघ दिसली.

मंजण्णाने दोरीने सामान खाली सोडलं. अशा वेळी लाल रंगाचं पातळ द्रव लावतात, पुसतात आणि वर पांढरी पावडर फवारतात. चीर असेल तर तिच्यात शिरलेला रंग बाहेर येतो. आला. दोन इंच लांब, लालभडक.

मी उठले नाही, तशीच पालथी पडून राहिले. चीर सापडली म्हणून नव्हे. मॅनहोलमध्ये अडकले त्याच्या आधीची दोन वर्षं हा जोड मी बसूनच बघितला होता. वाकलं की दम लागायचा, पालथं झोपलं की उठवायचं नाही. मी बसल्या बसल्या टॉर्च फिरवायचे आणि वहीत ‘ओके’ लिहायचे. गेल्या वर्षी एजन्सीनेही ओके लिहिलं होतं, पण त्यांच्यावर मी तावातावाने बोलावं अशी माझी जागा नव्हती.

या वेळी मॅनहोलमधून बाहेर यायला मला काही सेकंद लागले. कुणाचं लक्षही गेलं नाही. सुब्बाराव सर चिरेचे फोटो बघत होते.

“गेल्या वर्षी ही नव्हती?”

“असणार, सर. त्याच्या आधीच्या वर्षीही असेल. मी नीट बघितलं नाही.”

“रिपोर्टमध्ये हे लिहू नका.”

“लिहिणार आहे.”

सरांनी खिशातून पेन काढलं. मग म्हणाले, “तुम्ही जाड होतात तेव्हा शटडाऊन वेळेवर संपायचा.” आणि तो जोड कापून नव्याने वेल्ड करायचा आदेश त्यांनी तिथेच उभ्या उभ्या लिहिला. काम महिनाभर लांबलं. मला मेमो मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता. डॉक्युमेंटेशनची खिडकी दुसऱ्या कुणाला तरी मिळाली.

मेमो मिळाला त्याच आठवड्यात डॉक्टर शैलजांनी ब्लडप्रेशरची गोळी अर्धी केली. मी खूश होऊन विचारलं, “म्हणजे आता मी बरी झाले ना?”

“तुम्ही टाकी पास केली की किती वर्षांचं सर्टिफिकेट देता?”

“एक.”

“का?”

“आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही म्हणून.”

त्यांनी माझ्या फाइलवर पुढच्या वर्षीची तारीख टाकली आणि दाराकडे बघून म्हणाल्या, “नेक्स्ट.”