बेगड लावणारे हात

सरूआत्या गेल्याचं मला जवाहरनगरला, कारखान्याच्या बसमधून उतरताना कळलं. आमच्या गावाहून, दिघोरीहून निरोप घेऊन आलेला चुलतभाऊ थांब्यावर उभा होता. महिना उलटला. रडू दोन दिवसांत सरलं. संताप अजून सरलेला नाही.

आत्या, माझ्या वडिलांची बहीण, विशीतच विधवा होऊन माहेरी परतली. ती बाशिंगं करायची. भेंडाच्या हलक्या गराचा सांगाडा, रंगीत कागद, वर चमचमती बेगड... गावातला एकही नवरदेव तिच्या बाशिंगाशिवाय बोहल्यावर चढला नाही. सत्तरच्या सुमारास मी पाचवीत होतो. ‘बेगडी म्हणजे खोटं, दिखाऊ’ असं शाळेत शिकून आलो आणि तिला विचारलं, "आत्या, म्हंजे तुयं काम खोटं व्हय?"

तिनं एक तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. "हे बेगड. कथिलाचा पातळ पत्रा. हिच्यावरूनच तो शब्द निंगाला. पर हिनं कवा म्हटलं, मी सोनं आहो म्हून? सोनं म्हून मिरवते तो मानूस खोटा. हिले काहून नावं ठेवता?"

ऐंशीनंतर माझं लग्न ठरलं. आत्यानं आठ दिवस खपून बाशिंग केलं. आमच्या घरी ते बांधायचा मान नवरदेवाच्या आत्याचा. ती ताट घेऊन पुढे आली, तोच मोठेबाबांनी, तिच्या सख्ख्या थोरल्या भावानं, तिला अडवलं. "विधवेचा हात नोको लावू, सरू."

बनवताना तोच हात चालला होता! हे मी म्हणायला हवं होतं. मी पाटावर मान खाली घालून बसून राहिलो... आत्या ताट ठेवून मागच्या दारानं गेली. त्यानंतर तिनं एकही बाशिंग केलं नाही. कुणी आलंच तर म्हणायची, "आता हात चालत नाही." हात चांगले चालत होते. धानाच्या रोवणीला ती सगळ्यांच्या पुढे असायची.

आत्याच्या तेरवीला पंगतीत बसता बसता मोठेबाबा चारचौघांत गहिवरून बोलले, "आमची सरू म्हंजे देवी होती." माझं डोकं फिरलं.

"देवीचा हात तुमीच अडवला होता, मोठेबाबा."

"आजच्या दिवशी कायले काढतेस ते?"

"मंग कोनत्या दिवशी काढू?"

मी स्वयंपाकघरात गेलो. गावातल्या चार विधवा बाया तिथं चुलीपाशी राबत होत्या. त्यांना हात धरून बाहेर आणलं, पहिल्या पंगतीला बसवलं आणि स्वतः वाढायला लागलो. मोठेबाबा पानावरून उठून गेले. त्यांना परत बोलवायला कुणी गेलं नाही.