आवाज येऊ द्या गं!

अमेरिकेत, जॉर्जियातल्या एका जुन्या कापूस-जमीनदाराच्या बंगल्यात, अनोळखी माणसांच्या घोळक्यासमोर, मी छाती फुगवून सांगितलं, "आमच्या नाशिकच्या द्राक्षबागेतल्या मजूरबायका इतक्या सुखी होत्या, की दिवसभर गायच्या." कुणी विचारलं नव्हतं.

सत्त्याण्णव साली घर सोडताना मी आईचं लोणचं विसरलो, पण एक कॅसेट आठवणीनं घेतली. आमच्या दिंडोरीच्या बागेत तोडणी चालू होती, सुरगाण्याकडच्या बायकांची टोळी आली होती. निघायच्या आदल्या दिवशी मी टेपरेकॉर्डर घेऊन वेलींखाली बसलो. येसूबाई गाणं धरायची, बाकीच्या मागून म्हणायच्या. मध्येच त्या गप्प झाल्या की बांधावरून अण्णा, म्हणजे माझे वडील, ओरडायचे, "आवाज येऊ द्या गं!" मला वाटलं, पोरगा अमेरिकेला निघालाय, रेकॉर्डिंग नीट व्हावं म्हणून बापाची धडपड चाललीय. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं माझ्या.

अटलांटात कॉम्प्युटरची नोकरी, अपार्टमेंट, मग मॉर्गेज, मुलगी, सगळं रीतसर झालं. गाडीत मात्र कायम तीच कॅसेट. मुलीला, इराला, मराठी बेताचंच येतं, पण गाणं थांबलं की ती मागच्या सीटवरून अण्णांच्याही आधी ओरडायची, "आवाज येऊ द्या गं!" आम्ही हसायचो.

तर तो बंगला. दाखवणारी एक गोड म्हातारी होती. यादवी युद्धाआधी दक्षिणेवर कसा अन्याय झाला, ते ती सांगत होती. "आम्ही गुलामांना घरच्यासारखं ठेवलं. पळून गेले, तर उत्तरेकडच्यांनी ठेवून घेतले. बाहेरचे येऊन त्यांचे कान भरायचे. आणि वाईट कोण, तर आम्ही!" शंभराहून जास्त वर्षं झाली होती त्या युद्धाला, आणि बाई 'आम्ही' म्हणत होती.

ही वाक्यं मला पाठ होती. टोळी अर्ध्या हंगामात निघून गेली की अण्णा ओट्यावर बसून हेच म्हणायचे, "घरच्यावानी ठिवलं. पळाले, तर शेजारच्या गाववाल्यांनी ठिवून घेतले. बाहेरचे येऊन कान भरत्यात. अन् वाईट कोण, तर आपुन!" ओठ म्हातारीचे हलत होते, आवाज अण्णांचा येत होता. ते विकत घेतलेले गुलाम आणि आमच्या मजुरीवरच्या बायका, हा फरक मला कळत होता. वाक्यांना कळत नव्हता.

मग तिनं स्वयंपाकघरापासून जेवणघरापर्यंतची विटांची वाट दाखवली. ताटं नेणाऱ्या गुलामांनी इथून जाताना सतत शीळ घालायची, असा नियम होता म्हणे. तेवढ्यात मी माझं ते सुखी मजूरबायकांचं वाक्य बोललो, वर त्या गप्प झाल्या की वडील बांधावरून कसे ओरडायचे, तेही सांगितलं.

"हुशार होते हो तुमचे वडील," म्हातारी कौतुकानं म्हणाली. "तोंड शीळ घालण्यात गुंतलं की ताटातलं खाता येत नाही."

माझ्या शेजारची काळ्या वर्णाची बाई लांब जाऊन उभी राहिली.

परतताना गाडीत गाणं थांबलं. मागून इरा ओरडली, तिच्यामागून अण्णा. मी कॅसेट बंद केली. मागे खरंच माझी पोरच बसलीय ना, हे आरशात बघून घेतलं. लगेच बघायची हिंमत झाली नाही.

पुढे अण्णा गेले. दहाव्याला आलो, आणि तसाच येसूबाईच्या पाड्यावर गेलो. मला एकच हवं होतं: तिनं आपणहून एक गाणं म्हणावं, म्हणजे इराला द्यायला अण्णांच्या ओरड्याशिवायचं घर उरेल. येसूबाई नागलीची भाकरी खात होती. मी शहाण्यानं आधी कॅसेटच लावली.

गाणं थांबलं. अण्णा ओरडले. येसूबाईचा जबडा घासासकट थांबला. बांधावर कुणी उभं असावं तसं तिनं दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं. मग ती सावकाश चावायला लागली.

हल्ली कुणी घराबद्दल विचारलं, तर मला त्या कॅसेटमधली गप्प जागा आठवते. कुणाच्या तरी तोंडात द्राक्षाचा मणी आहे, आणि अण्णांच्या अजून लक्षात आलेलं नाही. त्या दिवशी मात्र मी लाडात येऊन म्हणालो, "येसूबाई, म्हण ना एखादं. माझ्या पोरीसाठी."

"येडा हाय का तू?" ती म्हणाली. "जेवते ना मी. तोंडात घास असला म्हंजी गाणं निघत नाय, ह्ये तुझ्या बापाला ठावं व्हतं."