एका श्वासातली रेघ

आमच्याकडे पाट्या रंगवणारे तिघं आहेत, पण रेघवाला एकच, आणि तो माझा धाकटा भाऊ. दुकानाचं नाव लिहून झालं की त्याच्याखाली तो एक लांब रेघ ओढतो. श्वास रोखायचा, ब्रश टेकवायचा आणि पाटीसमोर बांधलेल्या फळीवरून सरकत सरकत थेट त्या टोकाला जायचं. मधे थांबायचं नाही. मी लोकांना दहा फूट सांगतो, खरी सहा फूट असते. पण सहा तरी कुणी ओढून दाखवा!

मी शिडी धरतो. माझं शिक्षण सातवीपर्यंत, तेही रडतखडत. पण शिडी धरायलाही अक्कल लागते, आणि ती माझ्याकडे भरपूर आहे.

तर झालं असं, की पन्नाशीला आल्यावर आमचे रेघवाले शिडी चढून फळीवर पोचले की बसायला लागले. पाय लोंबकळत सोडून डबा ढवळत बसायचे.

"काय रे, चहा पाठवू का वर?" मी खालून विचारायचो.

"रंग घट्ट झालाय, दादा."

"रंग नाही, तू घट्ट झालायस. पोट बघ!"

मी हसायचो, रस्त्यावरचे चार लोकही हसायचे. दोन महिने मी असा हसत होतो. हे मी कुणाला सांगत नाही, पण लिहायला बसलोय तर खरं लिहितो.

मग त्याचा डावा हात दुखायला लागला. डाव्या हातात दिवसभर रंगाचा डबा, दुखणारच. आमच्या धंद्यात त्याला डब्याचा हात म्हणतात, सगळ्यांनाच होतो. म्हणून मी जाड तार वाकवून झकास आकडा केला आणि डबा शिडीला टांगून दिला. असा आकडा बाजारात मिळणार नाही. आता हात मोकळा.

तरी हात दुखायचाच.

तिथं माझं डोकं चालायला लागलं. डबा नाही, मग दुखतंय कशानं? आणि वर चढला की दुखायचं, पाच मिनिटं बसला की थांबायचं. कधी कधी खालची दाढ ठणकायची, तीसुद्धा चढल्यावरच. दाढेला कसं कळतं तो शिडीवर आहे ते? एकदा सावलीत काम करताना त्याची मान घामानं निथळत होती, आणि मी उभा होतो तिथं गार वारा होता.

"डॉक्टरकडे चल," मी म्हणालो.

"बसलं की जातं ना? मग कसला आलाय आजार! पित्त असेल."

भावजय म्हणाली, "दादा, जिना चढून आले तरी दारातच बसतात. बूट काढायला बसलोय म्हणतात. पायात चपला असतात हो!"

माझा भाऊ माझ्यासारखाच, सांगून ऐकणारा नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला बाजारपेठेत फिरायला नेला. हळूहळू. आधी चष्मेवाल्याच्या पाटीखाली उभा केला. ती वर्षभरापूर्वीची.

"रेघ बघ."

"बघायचंय काय? माझीच आहे."

रेघ आरशासारखी. मग लाँड्री, चार महिन्यांपूर्वीची. मधे एक सांधा. ब्रश उचलून पुन्हा टेकवला की रंग जरा जाड होतो. दुसऱ्या कुणाला दिसणार नाही, आम्हाला दिसतो. मग बेकरी. दोन सांधे. मग टायरवाला, गेल्या आठवड्यातली.

टायरवाल्याच्या पाटीखाली तो बराच वेळ मान वर करून उभा राहिला. ओठ हलवत सांधे मोजत होता.

"चार," तो म्हणाला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दादा, मी मुद्दाम नाही रे उचलला ब्रश. श्वासच पुरला नाही."

"माहितीये. चल."

तिथूनच दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी त्याला झोपवून छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, ती चांगली आली. हा लगेच माझ्याकडे बघून भुवया उडवायला लागला. मी म्हणालो, "बाई, पडून नाही दुखत त्याला. चढताना दुखतं." बाईंनी पेन खाली ठेवलं आणि मला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. मोठ्या दवाखान्यात त्याला यंत्रावर चालवलं, तेव्हा खरं बाहेर आलं. हृदयाची एक नळी जवळजवळ बुजलेली. ती उघडून आत बारीक जाळी बसवली.

बाई मला म्हणाल्या, "चढताना येतं, बसल्यावर जातं, हाच इशारा असतो. जातं म्हणून लोक सोडून देतात. तुम्ही ओळखलंत." सातवी शिकलेल्या माणसाला असं म्हणाल्या! पण घरी आल्यावर मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि पाणी वाहतंय तेवढा वेळ रडलो.

तीन महिन्यांनी बाईंनी कामाला परवानगी दिली. पहिली पाटी शिंप्याची. तो सावकाश चढला, नाव लिहिलं, श्वास भरून रेघ सुरू केली. अर्ध्यावर आला तसा मी खालून ओरडलो, "थांब!"

"अरे, पुरतोय श्वास!"

"पुरू दे. थांब म्हणतोय ना."

तो थांबला. ब्रश उचलला, दम घेतला, उरलेली रेघ पूर्ण केली. मग सांध्याकडे बघून तोंड वाकडं केलं. "पुसून परत ओढतो."

"हात लावलास तर शिडी काढून घेईन."

लावला नाही. अजून आहे तो सांधा. त्या रस्त्यानं कुणी माझ्याबरोबर आलं की मी त्याला पाटीखाली थांबवतो आणि बोटानं दाखवतो: ही दहा फुटी रेघ माझ्या भावाची, आणि हे बघा, इथं तो माझं ऐकून थांबला.